एका राणीचे ‘प्रकरण’ आणि मुद्रणस्वातंत्र्याची कसोटी

जून २०२५ मध्ये डेन्मार्कच्या सरकारने स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती करण्याचा एक वेगळा प्रस्ताव जाहीर केला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने एखाद्या व्यक्तीचा चेहरा, आवाज किंवा देह हुबेहूब उभा करून बनावट चित्रफिती प्रसारित करण्याच्या वाढत्या प्रकारांना आळा घालणे, हा त्यामागील उद्देश होता. स्वतःच्या चेहऱ्यावर आणि आवाजावर प्रत्येक व्यक्तीचा हक्क राहील आणि संमतीविना प्रसारित झालेली अशी सामग्री काढून टाकण्याची मागणी तिला करता येईल, असे या प्रस्तावाचे सूत्र होते. विडंबन आणि उपहास यांना मात्र त्यातून वगळण्यात आले होते.

हा प्रस्ताव डेन्मार्कमधून यावा, याला एक ऐतिहासिक पार्श्वभूमी आहे. प्रसिद्धीपूर्व तपासणी, म्हणजेच सेन्सॉरशिप, संपूर्णपणे रद्द करणारे जगातील पहिले राज्य म्हणून डेन्मार्कचा उल्लेख केला जातो. ही घटना सप्टेंबर १७७० मधील आहे. त्यापूर्वी १७६६ मध्ये स्वीडनने मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा केला होता. तथापि धर्मविषयक ग्रंथांची तपासणी तेथे कायम ठेवण्यात आली होती. डेन्मार्कने तीही ठेवली नाही. मात्र या अमर्याद स्वातंत्र्याचा आघात ज्या व्यक्तींवर सर्वप्रथम झाला, त्यांत त्याच देशाच्या राणीचा समावेश होता.

राणी कॅरोलिन मटिल्डा हिची ही कथा २०१२ मध्ये निकोलाय आर्सेल यांनी दिग्दर्शित केलेल्या डॅनिश चित्रपटामुळे जगभरातील प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. ‘एन कोंगेली अफेअर’ हे त्याचे मूळ नाव. इंग्रजीत तो ‘अ रॉयल अफेअर’ या नावाने ओळखला जातो. बर्लिन चित्रपट महोत्सवात पटकथेसाठी आर्सेल व रास्मुस हाइस्टरबर्ग यांना, तर वेडसर राजाच्या भूमिकेसाठी मिकेल बो फोल्सगोर यांना रौप्य अस्वल पुरस्कार मिळाला. पुढे ऑस्कर पुरस्कारांच्या परभाषी चित्रपट विभागातही त्याला नामांकन मिळाले. वरकरणी ही एक ऐतिहासिक प्रेमकथा आहे. परंतु एका स्त्रीच्या खाजगी आयुष्याचे राजकीय शस्त्रात रूपांतर कसे होते, हा तिचा खरा विषय आहे. आजच्या संदर्भात त्याचा पुन्हा विचार करणे अगत्याचे ठरते.

पंधरा वर्षांची वधू

कॅरोलिन मटिल्डाचा जन्म १७५१ मध्ये लंडन येथे झाला. वडिलांचे छत्र तिच्या जन्मापूर्वीच हरपले होते. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज हा तिचा थोरला बंधू. त्या काळच्या युरोपातील राजघराण्यांचे विवाह हे प्रत्यक्षात दोन राज्यांमधील तह असत. त्या रिवाजानुसार नोव्हेंबर १७६६ मध्ये, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, तिचा विवाह डेन्मार्क-नॉर्वेचा राजा सातवा क्रिस्तियान याच्याशी झाला. राजा सतरा वर्षांचा होता आणि त्याचे मानसिक आरोग्य ढासळत चालले होते.

डेन्मार्कमध्ये १६६५ च्या ‘राजविधी’नुसार निरंकुश राजेशाही होती. राजाची स्वाक्षरी म्हणजेच कायदा. अशा व्यवस्थेत राजाच आजारी असेल, तर त्याच्या हाताला धरून स्वाक्षरी करून घेणारा माणूस हाच खरा राज्यकर्ता ठरतो. पुढील सर्व घटनाक्रमाचे मूळ या व्यवस्थेतील दोषात आहे.

१७६८ मध्ये राजा युरोपच्या दौऱ्यावर निघाला, तेव्हा योहान फ्रीडरिश स्ट्रुएन्से नावाच्या एका जर्मन डॉक्टरची त्याच्यासोबत नेमणूक झाली. स्ट्रुएन्से हा आल्टोना येथे वैद्यकीय सेवेत होता. आल्टोना आज हॅम्बुर्ग शहराचा भाग असले, तरी तेव्हा ते डॅनिश राजसत्तेखाली होते. फ्रेंच विचारवंतांच्या नव्या कल्पनांनी भारलेला हा तिशीतला डॉक्टर राजाचा विश्वासू बनला आणि दौऱ्यानंतर राजवैद्य म्हणून कोपनहेगनला आला. १७७० मध्ये त्याने बालयुवराजाला देवीची लस टोचली. त्या काळी हा उपाय धोक्याचा मानला जात असे. युवराज सुखरूप राहिला, आणि राणीचाही विश्वास डॉक्टरने संपादन केला. या विश्वासाचे प्रेमात रूपांतर होण्यास फार काळ लागला नाही.

सोळा महिन्यांची राजवट

सप्टेंबर १७७० पासून जानेवारी १७७२ पर्यंत, म्हणजे सुमारे सोळा महिने, डेन्मार्कचा कारभार वस्तुतः स्ट्रुएन्सेच्या हाती होता. या अवधीत एक हजाराहून अधिक राजाज्ञा काढण्यात आल्या. आरोपीचा छळ करून कबुलीजबाब मिळवण्याची पद्धत बंद करण्यात आली. शेतकऱ्यांनी जमीनदाराकडे करावयाच्या वेठबिगारीवर मर्यादा घालण्यात आल्या. दरबारी खर्चाला कात्री लावण्यात आली. सरकारी पदे कुळापेक्षा योग्यतेवर दिली जावीत, असा आग्रह धरण्यात आला. सरदार-उमरावांच्या हाती असलेले राजमंडळ डिसेंबर १७७० मध्ये बरखास्त झाले. जुलै १७७१ मध्ये तर स्ट्रुएन्सेच्या स्वाक्षरीने निघालेल्या आदेशांना राजाच्या आदेशाइतकीच वैधता देण्यात आली.

सेन्सॉरशिप रद्द करण्याचा निर्णय या सुधारणांचा आरंभबिंदू होता. फ्रेंच तत्त्वज्ञ व्होल्तेअर यांनी या निर्णयाबद्दल राजा क्रिस्तियानचे अभिनंदन करणारे काव्यपत्र लिहिले. कोपनहेगनमध्ये पत्रके आणि पुस्तिकांचा पूर आला. त्यांत शेती, व्यापार, शिक्षण, करपद्धती यांवर गंभीर चर्चा करणारी पत्रके होती. प्रथमच सर्वसामान्य नागरिक राज्यकारभारावर उघडपणे मतप्रदर्शन करू लागला. बोले विल्लुम लुक्सडोर्फ या तत्कालीन अधिकाऱ्याने अशी शेकडो पत्रके आस्थेने जमवली. त्यांचा संग्रह कोपनहेगनच्या राजकीय ग्रंथालयात जतन करण्यात आला असून इतिहासकारांसाठी तो एक मौलिक ठेवा ठरला आहे.

तथापि या पत्रकांची दिशा लवकरच पालटली. स्ट्रुएन्सेच्या धोरणांवर टीका करण्यापेक्षा त्याच्या आणि राणीच्या संबंधांवर लिहिणे अधिक सोपे होते, आणि त्याला ग्राहकही अधिक होते. राणी पुरुषी पोशाखात घोड्यावर बसते, याचीही कुजबुज होऊ लागली. जुलै १७७१ मध्ये राणीने कन्येला जन्म दिला. राजाने या कन्येचे पितृत्व अधिकृतपणे स्वीकारले होते. परंतु लोकांनी त्या तान्ह्या मुलीला ‘छोटी स्ट्रुएन्से’ असे टोपणनाव बहाल केले.

ऑक्टोबर १७७१ मध्ये, सेन्सॉरशिप रद्द झाल्यानंतर जेमतेम तेरा महिन्यांनी, त्याच स्ट्रुएन्सेच्या राजवटीत नवा आदेश निघाला. प्रत्येक मुद्रित मजकुरावर लेखकाचे किंवा मुद्रकाचे नाव असावे आणि मजकुराची कायदेशीर जबाबदारी त्याने घ्यावी, असे त्यात फर्मावण्यात आले. निनावी लेखनावरचे हे बंधन आजच्या दृष्टीने सौम्य वाटते. परंतु ज्याने स्वातंत्र्य बहाल केले, त्यालाच ते आवरते घ्यावे लागले, ही गोष्ट विरोधकांच्या नजरेतून सुटली नाही.

मुखवट्यांचा नाच आणि त्यानंतर

१६ जानेवारी १७७२ च्या रात्री कोपनहेगनच्या क्रिस्तियान्सबोर्ग राजवाड्यात मुखवटे घालून नाचण्याचा समारंभ झाला. समारंभ आटोपल्यावर पहाटेच्या सुमारास राजाची सावत्र आई युलियाना मारिया, तिचा पुत्र आणि काही लष्करी अधिकारी राजाच्या शयनगृहात शिरले. भांबावलेल्या राजाकडून अटकेच्या हुकुमांवर स्वाक्षऱ्या घेण्यात आल्या. ज्या मार्गाने स्ट्रुएन्से सत्तेवर आला होता, त्याच मार्गाने त्याची सत्ता गेली.

राणीला तान्ह्या मुलीसह हेल्सिंगोरच्या क्रोनबोर्ग किल्ल्यात बंदिवासात ठेवण्यात आले. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाशी जोडलेला तो हाच किल्ला. दुसऱ्या दिवशी कोपनहेगनच्या रस्त्यांवर जमावाने जल्लोष केला आणि वेश्यावस्तीतील घरे फोडून लुटली. इतिहासात या घटनेची नोंद ‘मोठी झाडलोट’ अशा अर्थाच्या नावाने झाली आहे. सत्ताबदल झाला होता राजवाड्यात. त्याची किंमत मात्र शहरातील सर्वांत दुर्बल स्त्रियांकडून वसूल करण्यात आली. राजकीय संघर्षाला नीतिमत्तेचा मुलामा दिला की हल्ल्याचे लक्ष्य कोण होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

चौकशीत स्ट्रुएन्सेने फेब्रुवारीत संबंधांची कबुली दिली. मार्चमध्ये राणीनेही ती दिली. ६ एप्रिल रोजी विवाहविच्छेद झाला. २८ एप्रिल १७७२ रोजी स्ट्रुएन्से आणि त्याचा सहकारी ब्रांट यांचा प्रचंड जनसमुदायासमोर शिरच्छेद करण्यात आला. बंधू जॉर्ज याच्या मध्यस्थीने राणीची सुटका झाली खरी; पण मुलांना डेन्मार्कमध्येच ठेवून तिला देश सोडावा लागला. जर्मनीतील सेल्ले येथे तिचे वास्तव्य होते. १० मे १७७५ रोजी, वयाची चोविशी पूर्ण होण्यापूर्वीच, तापाच्या साथीच्या आजाराने तिचे निधन झाले. मुलांची आणि तिची पुन्हा भेट झाली नाही.

कारण की निमित्त?

राणी आणि डॉक्टर यांचे संबंध होते, याविषयी इतिहासकारांत फारसा मतभेद नाही. प्रश्न वेगळा आहे. हे संबंध उठावाचे कारण होते की केवळ निमित्त?

सरदारांचा राग राजमंडळ बरखास्त झाल्याबद्दल होता. जमीनदारांना वेठबिगारीवरील मर्यादा सलत होत्या. दरबारी खर्च घटल्याने अनेकांची मिळकत बुडाली होती. लष्कराच्या काही तुकड्या मोडीत काढण्याच्या निर्णयाने सैनिकांत असंतोष होता. राज्यकारभाराचे आदेश जर्मन भाषेत निघत असल्याने डॅनिश भाषकांचा स्वाभिमान दुखावला गेला होता. ही सर्व कारणे खरी होती. त्यांपैकी काही तर न्याय्यही होती. परंतु वेठबिगारी पूर्ववत व्हावी, अशी मागणी घेऊन शेतकऱ्यांच्या मुलांना रस्त्यावर उतरवता येत नाही. राजाच्या शय्येची विटंबना झाली, असे सांगून मात्र ते शक्य होते. म्हणून राणी पुढे आणली गेली.

डॅनिश भाषेतील ‘अफेअर’ या शब्दाला मराठीत ‘प्रकरण’ हा अगदी जवळचा प्रतिशब्द आहे. ग्रंथाचा अध्याय म्हणजे प्रकरण, कार्यालयातील किंवा न्यायालयातील फाइल म्हणजे प्रकरण, गाजलेला घोटाळा म्हणजे प्रकरण, आणि दोन व्यक्तींचे चोरटे संबंध म्हणजेही प्रकरणच. यांतील शेवटचा अर्थ एकदा चिकटला की आधीचे तिन्ही अर्थ मागे पडतात, आणि ते बहुधा स्त्रीच्या बाबतीतच घडते. स्ट्रुएन्सेच्या नावापुढे आज ‘सुधारक’ हे विशेषण लागते. कॅरोलिन मटिल्डाच्या नावापुढे मात्र शतकानुशतके ‘डॉक्टरची प्रेयसी’ हीच ओळख राहिली.

चित्रपटांच्या इतिहासातही हा बदल टप्प्याटप्प्याने झालेला दिसतो. याच कथेवर १९३५ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या चित्रपटाचे नाव ‘द डिक्टेटर’, म्हणजे ‘हुकूमशहा’, असे होते. १९५७ च्या जर्मन चित्रपटाचे नाव ‘मुकुटाविना राज्यकर्ता’ अशा अर्थाचे होते. दोन्ही शीर्षकांच्या केंद्रस्थानी पुरुष आहे. २०१२ च्या चित्रपटात मात्र निवेदन राणीच्या मुखी आहे. वनवासात असताना मुलांना उद्देशून लिहिलेल्या पत्रातून ती कथा सांगते. तिच्याविषयी इतरांनी छापले ते बाजूला ठेवून तिला काय सांगायचे असेल, याची कल्पना करणे, ही या चित्रपटाची मोठी जमेची बाजू आहे.

चित्रपटाने साधलेले आणि टाळलेले

स्वीडिश अभिनेत्री अलिसिया विकांडर हिने या भूमिकेसाठी डॅनिश भाषा आत्मसात केली. मॅड्स मिकेल्सेन यांचा स्ट्रुएन्से हा संयत आणि काहीसा आत्ममग्न आहे. प्रेमाची सुरुवात पुस्तकांच्या देवाणघेवाणीतून होते, आणि राणी ही सुधारणांची मूक साक्षीदार न राहता त्यांतील भागीदार म्हणून समोर येते.

तरीही काही बाबींकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. चित्रपटाचा कल स्ट्रुएन्सेला हुतात्मा ठरवण्याकडे आहे. जनतेच्या कल्याणासाठी काढलेल्या राजाज्ञा जनतेला न विचारता, एका आजारी राजाच्या नावाने काढल्या जात होत्या, हा पेच चित्रपटात येतो. पण प्रेमकथेच्या ओघात तो पुरेसा टोचत नाही. भाषेचा प्रश्न तर जवळपास नाहीसाच झाला आहे. पडद्यावर राणी आणि डॉक्टर मुख्यतः डॅनिश बोलतात. प्रत्यक्षात स्ट्रुएन्सेने ज्या प्रजेसाठी एवढे कायदे केले, तिची भाषा त्याने राज्यकारभारात आणली नाही. आपल्यावरचे कायदे परक्या भाषेत वाचावे लागणे म्हणजे काय, हे भारतीय वाचकास समजावून सांगण्याची गरज नाही. प्रजेचा त्याच्यावरील अविश्वास केवळ अफवांतून निर्माण झालेला नव्हता, हे त्यावरून ध्यानात येते.

या इतिहासाचा भारताशी एक प्रत्यक्ष धागाही आहे. तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगमबाडी, म्हणजे ट्रान्केबार, आणि बंगालमधील श्रीरामपूर ही ठाणी तेव्हा डॅनिश ताब्यात होती. १८४५ मध्ये ती इंग्रजांना विकली जाईपर्यंत तेथे डॅनिश राजाचा अंमल चालू होता. ज्या राजाच्या स्वाक्षरीसाठी कोपनहेगनमध्ये ही झुंज चालली होती, तीच स्वाक्षरी या दोन भारतीय गावांचाही कायदा होती.

नियंत्रणाचा लाभ कोणाला?

या कथेतील सर्वांत महत्त्वाचा धडा उठावानंतरच्या काळात दडलेला आहे. नवी राजवट ओवे हेग-गुल्डबर्ग याच्या प्रभावाखाली होती. राणीची आणि डॉक्टरची बदनामी करणाऱ्या पत्रकांचा या गटाला पुरेपूर लाभ झाला होता. सत्ता हाती येताच मात्र त्याच गटाला मुद्रणस्वातंत्र्य खुपू लागले. ऑक्टोबर १७७३ मध्ये नवे निर्बंध आले. शहर, राज्य आणि राजवट यांविषयीच्या लेखनावर पोलीसप्रमुखाला थेट दंड करण्याचे अधिकार मिळाले.

येथे एक गोष्ट स्पष्ट होते. राणीची अब्रू वेशीवर टांगली जात असताना तिला संरक्षण देणारा कायदा नव्हता. जो कायदा नंतर आला, तो तिच्यासारख्यांच्या संरक्षणासाठी नव्हताच. तो राज्यकर्त्यांच्या संरक्षणासाठी होता. चारित्र्यहननाची तक्रार एका स्त्रीची आणि तिच्यावरील उपायाचा लाभ मात्र सत्तेला, ही विसंगती अडीचशे वर्षांनंतरही परिचित वाटते.

गुल्डबर्गची राजवट १७८४ पर्यंत टिकली. त्या वर्षी कॅरोलिन मटिल्डाचा पुत्र, सोळा वर्षांचा युवराज फ्रेडरिक, याने रक्ताचा थेंबही न सांडता सत्ता ताब्यात घेतली. १७८८ मध्ये शेतमजुरांना जमिनीशी जखडून ठेवणारी पद्धत रद्द करण्यात आली. आईच्या काळात सुरू झालेल्या सुधारणांना मुलाच्या काळात बळ मिळाले. जिला ‘छोटी स्ट्रुएन्से’ म्हणून हिणवले गेले, त्या मुलीची कन्या पुढे डेन्मार्कची राणी झाली. परंतु मुद्रणस्वातंत्र्याच्या बाबतीत याच फ्रेडरिकने १७९९ मध्ये पुन्हा कठोर निर्बंध लादले. सेन्सॉरशिप पुन्हा आणता येणार नाही, अशी हमी डेन्मार्कच्या नागरिकांना मिळाली ती १८४९ च्या संविधानाने.

आजचा प्रश्न

पत्रकाची जागा आज भ्रमणध्वनीच्या पडद्याने घेतली आहे. त्या वेळी अफवा रचण्यासाठी लेखक, मुद्रक आणि विक्रेता लागत असे. आज एक छायाचित्र आणि काही मिनिटे पुरतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा चेहरा दुसऱ्याच स्त्रीच्या देहावर बसवलेली चित्रफीत देशभर पसरली, तेव्हा या धोक्याची जाणीव भारतात व्यापक प्रमाणात झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने कृत्रिमरीत्या तयार केलेल्या सामग्रीवर तशी ठळक खूण असणे बंधनकारक करणाऱ्या नियमांचा मसुदा जाहीर केला.

राजकारण, चित्रपट, पत्रकारिता किंवा समाजकार्य, क्षेत्र कोणतेही असो, स्त्रीच्या मताचा प्रतिवाद करण्याऐवजी तिच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याची रीत जुनीच आहे. तंत्रज्ञानाने तिला केवळ वेग दिला आहे. त्यामुळे कायदा हवा, याविषयी दुमत असू नये. मुद्दा आहे तो या कायद्याची किल्ली कोणाच्या हाती असावी, हा.

१७७३ च्या डेन्मार्कमध्ये ती पोलीसप्रमुखाच्या हाती होती. काय छापावे आणि काय छापू नये, हे सत्ता ठरवत होती. २०२५ च्या डॅनिश प्रस्तावाची धाटणी वेगळी आहे. ज्या व्यक्तीचा चेहरा चोरीला गेला, तिच्या हाती हक्क देण्याचा त्यात प्रयत्न आहे. आणि विडंबनाला मोकळीक असल्याने सत्ताधाऱ्यांची खिल्ली उडवण्याचा नागरिकाचा अधिकार अबाधित राहतो. हा मार्ग निर्दोष आहे, असे म्हणता येणार नाही. स्वामित्वहक्क मागण्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावण्याची ऐपत सर्वांची नसते. विडंबन कोठे संपते आणि बदनामी कोठे सुरू होते, हेही शेवटी न्यायाधीशालाच ठरवावे लागेल. तरीही दिशा योग्य आहे. पीडित व्यक्तीचा हक्क आणि राज्यकर्त्यांची सोय या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तिच्यात मान्य केलेले आहे.

भारतात अशा नियमांची चर्चा होत असताना हाच निकष लावून पाहणे उचित ठरेल. एखाद्या तरतुदीमुळे बदनाम झालेल्या स्त्रीला दाद मागता येते, की केवळ अडचणीची टीका पुसून टाकता येते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असेल, तरच ती तरतूद स्वागतार्ह मानावी लागेल.

कॅरोलिन मटिल्डाला यांपैकी काहीच लाभले नाही. तिच्याविषयी शेकडो पाने छापली गेली, एक कबुलीजबाब तिच्या स्वाक्षरीने नोंदवला गेला आणि परक्या गावी तिचे दफन झाले. चित्रपटातील राणी मुलांना पत्र लिहून आपली बाजू मांडते. खऱ्या राणीला ती मांडण्याची संधी देईल, असे न्यायासन त्या काळी नव्हते. ते आज आहे की नाही, हे आपल्या कायद्यांच्या शब्दरचनेवर अवलंबून राहील.